कोळियाकचा पाऊण तास

भावनगर,
दिवाळीतल्या लाभपाचमेनंतरचा रविवार

प्रिय झंखना,

जय श्रीकृष्ण. पाकिटावर माझं अक्षर दिसलं तर तू ते न फोडताच कपाटावर टाकशील, म्हणून पत्ता तुझ्या सासऱ्यांकडून, पप्पाजींकडून लिहून घेतला. त्यांचं अक्षर म्हणजे कोंबडी शाईत पाय बुडवून चालली असावी तसं. तेव्हा हे तुझ्या हाती पोचलं असेल तर पोरबंदरच्या पोस्टमनला माझ्या वतीने चहा पाज. फोन तू उचलत नाहीस. बरोबरच करतेस. फोनवर माझं म्हणजे उचलली जीभ लावली टाळ्याला; कागदावर निदान खोडता येतं. हे तिसरं पत्र आहे. पहिली दोन फाडली, कारण दोन्हीत मीच शहाणी होते.

तू राखी बांधायला म्हणून भावाकडे गेलीस, त्याला तीन महिने होत आले. माझा मौलिक तुला आणायला गेला आणि एकटाच परतला, त्या दिवशी सगळी गल्ली खिडकीत उभी होती. रिक्षातून त्याच्यामागे आणखी कोणी उतरतंय का ते बघायला. भेटेल तो विचारतो, सून कधी येणार? मी सांगते, जेठ महिन्यात बाळ गेलं ना हो तिचं, पोटातच गेलं, आठव्या महिन्यात. मन थाऱ्यावर नाही, सावरली की येईल. ऐकणारे चुकचुकतात, मला खुर्ची देतात. पण तू घर सोडलंस ते बाळ गेलं म्हणून नव्हे. माझ्यामुळे सोडलंस. हे तुला ठाऊक आहे आणि मला ठाऊक आहे, घरात तिसऱ्या कोणाला नाही. तू परत येशील की नाही हे मला माहीत नाही. तुझं-माझं काही उरलंय का, तेही माहीत नाही. पण आज ते विचारत नाही. कोळियाकच्या सहलीत हरवलेला डबा सापडला, ते आधी सांगते.

डब्यावरून तुला पहिला आठवडा आठवतो का? लग्नाची मेंदी अजून हातावर होती आणि तू स्वयंपाकघरात चहाची भुकटी शोधत होतीस. हाताला लागला तो डबा उघडलास, आत सगळं काळंकुट्ट आणि एक कागद. मी धावत आले आणि ओरडले, बंद कर, बंद कर, सगळं सांडलं! तू बिचारी जमिनीकडे बघत म्हणालीस, काय सांडलं, बा? मी म्हटलं, अंधार! तुझ्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं की सासू वेडी निघाली. मग मी तुला गच्चीवर नेऊन दाखवलं. तेहतीस वर्षं मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवलं, दरवर्षी तेच वाक्य फळ्यावर लिहिलं, प्रकाश सरळ रेषेत जातो. आणि निवृत्त झाल्यावर एका दुपारी मला त्या वाक्याचा अर्थ कळला. डब्याला सुईएवढं भोक पाडायचं, आत फोटोचा कागद चिकटवायचा, झाकण लावायचं. भिंग नाही, बटण नाही, बॅटरी नाही. एवढ्याशा भोकातून आख्खं बोरतळाव, काठची झाडं, वरचं आभाळ, सगळं उलटं होऊन आत येतं आणि कागदावर जाऊन बसतं. मी कितीदा केलं असेल, तरी दर वेळी अंगावर काटा येतो. माणसाने काही काढलंच नाही, नुसती वाट करून दिली आणि उजेड स्वतःच चित्र काढून गेला. घरात हे ऐकून जांभई न देणारी तू पहिली. तू म्हणालीस, बा, अजून बारीक भोक पाडता येईल, माझ्याकडे मोतीकामाची सुई आहे.

बाकीच्यांना काय, थट्टेला विषय मिळाला. सहलीला निघालो की तेरा मोबाईल आणि माझे चार डबे. माझी लेक दक्षा सापडतील तेवढ्यांना ओळीत उभं करणार, केस सारखे करा, पोट आत घ्या, हसा. आणि मी आपली कुठल्या तरी झाडाखाली डबा ठेवून घड्याळ बघत बसलेली. आमचे जावई किरीटकुमार तर नेहमी म्हणायचे, आमच्या सासूबाईंनी सगळं सासर डब्यात भरून ठेवलंय, वास मारायला लागेल एक दिवस. त्याच किरीटकुमारांनी बोरतळावाला काय केलं होतं ते आठवून मी अजून एकटी हसते. गाठियाचा डबा समजून माझा डबा उघडला, आत बोट फिरवलं आणि वर मलाच विचारलं, मम्मी, यातले गाठिया संपले? चाळीस मिनिटांचं तळं क्षणात काळं ठिक्कर पडलं. मी त्यांना जे बोलले ते जावयाला बोलायचं नसतं. तेव्हापासून तू फोटोच्या प्रत्येक डब्याला लाल नाडा बांधायला लागलीस, आणि किरीटकुमारांनी असा धसका घेतला की लाल दोरा दिसला तर ते लोणच्याच्या बरणीलाही हात लावत नाहीत.

आणि पालिताणा. कार्तिकी पुनवेला डोंगराच्या तळाशी, पहिल्या पायऱ्यांसमोर, आपण दोघींनी डबा मांडला होता. यात्रेकरूंची ही गर्दी, पाय ठेवायला जागा नाही, आजूबाजूला नुसता कोलाहल. घरी येऊन कागद धुतला तर पायऱ्या रिकाम्या! एक चिटपाखरू नाही. तू तोंडावर हात धरून म्हणालीस, बा, एवढी माणसं गेली कुठं? मी मास्तरीण, लगेच सांगितलं, गेली नाहीत गं, थांबली नाहीत. डब्याला घाई कळत नाही. पाऊण तासात जो समोरून चालत गेला त्याची रेघसुद्धा उमटत नाही. जो जागचा हलला नाही तेवढाच उमटतो. मग तूच भिंग लावून शोधून काढलास तो डोलीवाला, भिंतीला टेकून झोपलेला, मुंडाशाच्या घड्या दिसाव्यात इतका स्वच्छ. हजारोंच्या यात्रेतून डब्याने एक थकलेला माणूस तेवढा निवडून ठेवला होता. आपण दोघी किती वेळ त्याच्याकडे बघत बसलो होतो. स्वयंपाक उशिरा झाला म्हणून पप्पाजी चिडले होते.

तू पोटुशी होतीस तेव्हा चैत्रात एकदा डब्यांना आतून काळा रंग देत होतीस आणि म्हणालीस, बा, झोपलेलं मूल हलत नाही, आपलं छान उमटेल. मी म्हटलं होतं, नातवंडाला डब्यात घालायचं नाव काढलंस तर तुझी आई मला फाडून खाईल. पुढचं मी लिहीत नाही. जेठातल्या त्या दिवसाकडे मी या पत्रात येणार आहे, पण आधी मला जरा बळ येऊ दे.

सवा महिना झाल्यावर सगळ्यांनी ठरवलं, झंखनाला बाहेर काढू या, मोकळ्या हवेत बरं वाटेल. ठरवलं म्हणजे मीच ठरवलं. आधी दक्षाला सुरतेहून बोलावलं, दोन गाड्या केल्या. श्रावणातला पहिला रविवार, ओहोटीची वेळ बघून कोळियाकला गेलो. आभाळ भरलेलं होतं. समुद्र पार मागे सरकला होता, आणि सगळे चपला हातात घेऊन चिखलातून समुद्रातल्या ओट्यावरच्या पाच महादेवांपर्यंत चालत जाऊन आले. तू आली नाहीस. काठावरच्या एका दगडावर बसलीस. आम्ही परत आलो, सतरंज्या घातल्या, थेपले सोडले, आणि मी एक डबा कठड्यावर ठेवला, तोंड समुद्राकडे. मला भरती पकडायची होती. पाणी परत येतं आणि महादेव बुडत जातात, ते एका कागदावर कसं दिसेल याची मला कोण उत्सुकता! अधेमधे आपली माणसं बसली होती त्याची मी फिकीर केली नाही. ढगाळ दिवस आणि तुझ्या सुईचं भोक, म्हणून पाऊण तास धरला. त्या पाऊण तासात काय काय झालं! दक्षा वाढत होती, जुळी पोरं चेंडूमागे धावत होती, किरीटकुमार कैरीच्या छुंद्याची बरणी मृत्युपत्रात माझ्या नावावर करा म्हणत होते, मौलिक अंताक्षरीत दोन्ही बाजूंनी गात होता, पप्पाजी आडवे झाले, मग कूस बदलली, मग उठले. मी सगळ्यांना आग्रह करत फिरत होते. तुझ्यापुढेही ताट ठेवलं. आणि मनात म्हटलं, बघा, घर कसं भरल्यासारखं वाटतंय, हिलाही बरं वाटत असेल.

परतताना गाडीत तू खिडकीकडे तोंड करून होतीस. मी जे म्हणाले ते तू विसरली नसशील, मीही विसरलेले नाही. मी म्हटलं, चौदा माणसांनी तुझ्यासाठी अख्खा दिवस काढला, आणि तू मात्र दगडासारखी बसून राहिलीस. किरीटकुमारांनी गाणी लावली. तू माझ्याकडे वळून पाहिलंससुद्धा नाहीस. राखीला माहेरी गेलीस ती चार साड्या घेऊन नाही, सगळ्या घेऊन गेलीस. कपाट उघडलं तेव्हा मला कळलं.

त्या गडबडीत डबा हरवला. तुला माहीत आहे आपल्या घराचं. सहलीहून परतलं की अंगणात डब्यांची वाटणी होते, हा तुमचा, हा आमचा, उरलेलं फरसाण तुम्ही न्या, नको नको तुम्हीच न्या. त्या ओढाताणीत कोळियाकचा डबा दक्षाच्या पिशवीत शेवेच्या डब्यांबरोबर सुरतेला गेला. दुसऱ्या कुठल्या घरी गेला असता तर त्याच दिवशी उघडला गेला असता. पण वर लाल नाडा होता, आणि किरीटकुमारांनी तो असा फ्रिजच्या मागे दडवून ठेवला की जणू आत नाग आहे. दिवाळीला आले तेव्हा दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, मम्मी, शपथेवर सांगतो, मी वाससुद्धा घेतलेला नाही.

नव्या वर्षाच्या, बेसत्या वर्षाच्या दिवशी दुपारी, घरात साल मुबारक करायला माणसांची रांग लागलेली, आणि मी न्हाणीघरात जाऊन बसले. खिडकीला घोंगडी, लाल दिवा, तीन तसराळ्या, बाहेरून पप्पाजींचा आवाज, अगं पाहुणे आलेत, तू काय आजच कागद धुतेस? मी म्हटलं, आजच. कागद रसायनात सोडला. तुला ते क्षण माहीत आहेत. काहीच नसतं, नुसता पांढरा कागद, आणि मग कुठूनतरी करडं काही वर यायला लागतं. आधी आभाळ आलं, या कागदावर सगळं उलटं म्हणून काळं आलं. मग समुद्र. मग सतरंज्या, थर्मास, डबे, पेल्यांचे मनोरे, सगळं जागच्या जागी. माणूस एकही नाही. मी मनात हसले, म्हटलं, पालिताणा झालं, सगळं खानदान नाहीसं झालं. आणि मग उजव्या बाजूला, पार कडेला, पांढरं काहीतरी उगवायला लागलं. आधी वाटलं डाग आहे. कागद हलवला. डाग नव्हता. पांढऱ्या कपड्यातली एक बाई बसलेली होती.

तू त्या दिवशी गर्द तपकिरी ड्रेस घातला होतास, म्हणून उलट्या कागदावर पांढरी आलीस, एवढं विज्ञान मला येतं. कागद वाळवून दुसऱ्यावर दाबला, सुलटा फोटो केला आणि दाराच्या फटीशी उजेडात धरला. झंखना, माझ्या सबंध आयुष्यात मी असं काही पाहिलेलं नाही. मागे समुद्र दुधासारखा पसरलेला, लाटा नाहीत, नुसतं मऊ पांढरं. महादेवांचा ओटा अर्धा त्यात विरघळलेला. ध्वजाचा खांब आहे आणि ध्वज नाही. पुढे पंगत मांडलेली आणि जेवणारं कोणी नाही. आणि त्या सगळ्यात एकटी तू. तुझी वेणी दिसते. कानातलं दिसतं. पायाच्या अंगठ्याने दगड धरलेला दिसतो. तुझ्यापुढचं ताट दिसतं, आणि त्यातला थेपला मोडलेला नाही हेही दिसतं. पाऊण तास! पाऊण तासात तू मानसुद्धा वळवली नाहीस, आणि पाऊण तासात आमच्या चौदा जणांपैकी एकही माणूस तुझ्याजवळ येऊन दोन मिनिटं टेकला नाही. टेकला असता तर निदान सावलीएवढा उमटला असता. मी भिंग घेऊन शोधलं. मौलिक नाही. दक्षा नाही. मी नाही. ताट ठेवून गेले तेवढ्यात मी काही उमटले नाही. आमचं हसणं, गाणं, आग्रह, सगळं वाऱ्यावर गेलं आणि डब्याने एक खरी गोष्ट ठेवून घेतली. मला धाक वाटला, बेटा. त्या टीचभर डब्याचा मला धाक वाटला.

अजून एक आहे. तू सगळी स्वच्छ आली आहेस, फक्त तुझा उजवा हात नाही. तो मांडीवर धुक्यासारखा आहे. मी आधी म्हटलं, हललीच असेल एकदा, काय मोठंसं. पण एकदा हललेला हात असा येत नाही, तो जागा बदलतो किंवा नाहीसा होतो. धुकं तेव्हा येतं जेव्हा हात तेवढ्याच जागी, तेवढाच वर, तेवढाच खाली, पुन्हा पुन्हा, पाऊण तास हलत राहतो. मी तेहतीस वर्षं हेच शिकवलं. मला कळायला दोन मिनिटं लागली. कळलं तेव्हा मी न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर बसले आणि तोंडात पदर कोंबला, बाहेर पाहुणे होते. तू थोपटत होतीस. मी तुझ्यापासून दहा पावलांवर किरीटकुमारांना तिसरा थेपला वाढत होते, आणि तू मांडीवर कोणालातरी थोपटत होतीस.

आता जेठ. त्या दिवशी तू शुद्धीवर येऊन पहिलं विचारलंस, बा, मला दाखवा. मी सांगितलं, बघण्यासारखं काही नव्हतं, बेटा, नको विचार करूस. नर्स म्हणाली होती आईला दाखवा, मीच तिला गप्प केलं. मौलिकला, तुझ्या आईला, सगळ्यांना मीच समजावलं की पाहिलं तर माया लागेल, न पाहिलेलं लवकर विसरतं. श्वास घेतला नाही त्याचं सुतक नाही, नाव नाही, काही नाही, घरी जाऊन कोणी विषय काढायचा नाही. मोठी म्हणून मी ठरवलं आणि सगळ्यांनी मान हलवली, कारण त्यांनाही तेच सोपं होतं. झंखना, मी खोटं बोलले. बघण्यासारखं होतं. नर्सने तिला दुपट्यात गुंडाळून माझ्या हातात दिली आणि मी त्या बाकावर तिला मांडीवर घेऊन बसले, कितीतरी वेळ. मुलगी होती हे तुला सांगितलं, पण तिला दाट केस होते हे सांगितलं नाही. जगात तिला डोळे भरून पाहिलेली मी एकटी आहे, आणि ते मी पाच महिने तुझ्यापासून चोरून ठेवलंय. तुझा हक्क होता. मी घेतला आणि तुला दगड म्हणाले. या बाईला कोणी माफ करावं असं मला स्वतःलाच वाटत नाही, तर तुला कुठल्या तोंडाने सांगू?

परवा शुक्रवारी कोपऱ्यावरच्या जटाशंकरदादांच्या शोकाचं बेसणं होतं. एक्याण्णव वर्षांचे होऊन गेले. आयुष्यभर पोरांचे चेंडू जप्त केले, कोणाशी धड बोलले नाहीत. तरी पेपरात फोटो, नाव, वेळ, चार ते सहा, आणि वाडीच्या हॉलमध्ये चारशे माणूस पांढऱ्या कपड्यांत. कोणी रडत नव्हतं, कोणी बोलत नव्हतं. यायचं, हात जोडायचे, घटकाभर गप्प बसायचं, उठायचं. मीही बसले. समोर पांढऱ्या साड्यांतल्या बायांची रांग होती, आणि ती बघता बघता मला न्हाणीघरातला तो कागद दिसला. म्हटलं, अगं बाई, हिनं काय केलं त्या दिवशी कोळियाकला! आमच्या घरात मुलगी गेली, आणि तिच्यासाठी बसायला कोणी आलं नाही, कोणाला बोलावलंच नाही, मीच बोलवू दिलं नाही. म्हणून ही एकटीच बसली. चौदा माणसं मध्ये थेपले खात असताना ती एकटी आपल्या लेकीच्या बेसण्याला बसली होती. मी तिथून उठले, जटाशंकरदादांच्या फोटोला नमस्कार करायचाही राहिला, आणि घरी येऊन पहिलं पत्र लिहायला घेतलं.

तर हे पत्र एवढ्यासाठी. येत्या गुरुवारी पहाटेच्या बसने मी पोरबंदरला येते आहे. तुला न्यायला नाही. त्या बाबतीत मी अवाक्षर काढणार नाही, मौलिकलाही बजावलंय. मी पांढरी साडी नेसून येईन आणि चार ते सहा तुझ्या घरी बसेन. लोक म्हणतील, श्वास न घेतलेल्या मुलीचं पाच महिन्यांनी बेसणं, भानुबेनचं डोकं फिरलं, म्हणू देत. तुझे पप्पाजी ऐकून म्हणाले, माझं तिकीट काढलंस का? दक्षा सुरतेहून परस्पर येतेय. नाव ठेवायचा मान फईचा, आत्याचा, म्हणून मी तिला फोन केला होता. ती फोनवर हुंदके देत म्हणाली, मम्मी, या वेळी नाव वहिनीने ठेवावं, मी तेच मोठ्याने घेईन. तू दार उघडलंस तर आत बसू, नाही उघडलंस तर बाहेर ओट्यावर बसू, सहा वाजले की उठून जाऊ. जवळ बसू दिलंस तर ती कशी होती ते सगळं सांगेन, केसांपासून नखांपर्यंत, जितक्या वेळा विचारशील तितक्या वेळा. तू फक्त नाव ठरवून ठेव. बेसण्याला नाव लागतं.

म्हणू देशील तर तुझीच,
बा